गोदामातील फोर्कलिफ्टला कॅमेऱ्याचा डोळा

वऱ्हाडातील कापसाची एक जुनी बाजारपेठ म्हणून खामगावचा लौकिक आहे. 1870 साली जलंब ते खामगाव ही सुमारे 13 किलोमीटर लांबीची रेल्वेची शाखा सुरू झाली, ती मुख्यत्वेकरून कापसाच्या वाहतुकीसाठीच. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यातील शेतमालाच्या वाहतुकीची साधने कितीतरी बदलली. बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, रेल्वेच्या जोडीला ट्रक आले, आणि आता मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटर लांबीचा हा मार्ग 2025 च्या जून महिन्यात संपूर्ण खुला झाला. परंतु शेतकऱ्याची ट्रॉली आणि महामार्गावरचा ट्रक यांच्यामध्ये जो एक टप्पा आहे, तो पुष्कळ ठिकाणी पूर्वीसारखाच राहिला आहे. तो टप्पा म्हणजे गोदाम. तेथील ओझे आजही बहुतांशी माणसाच्या पाठीवरूनच वाहिले जाते.

ही स्थिती हळूहळू पालटू लागली आहे. केंद्र सरकारने 2020 साली कृषि पायाभूत सुविधा निधी सुरू केला व गोदामासारख्या कामांसाठी घेतलेल्या 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत ठेवली. सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःची गोदामे उभारण्याचा विचार करू लागल्या. गोदाम आले की माल उचलणारे यंत्र येते, आणि हे यंत्र आले की त्यासोबत एक नवा धोकाही येतो. हा धोका कसा उत्पन्न होतो, तो टाळण्यास कॅमेऱ्याचे साहाय्य कितपत होते आणि कोठे होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गोदामाचे संचालक व व्यवस्थापक यांच्याप्रमाणेच आपला माल घेऊन गोदामाच्या दारात उभे राहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानेही तो लक्षपूर्वक वाचावा. कारण यंत्राच्या वाटेत पायी चालणाऱ्या माणसांमध्ये तोही असतो.

ओझे आणि यंत्र

रुईची एक गाठ सुमारे 170 किलो वजनाची असते. ती तयार होण्यास साधारणतः 5 क्विंटल कापूस लागतो. अशी गाठ एकट्या माणसाला उचलता येत नाही. आकडे लावून, लोटून, दोघातिघांनी मिळून ती हलवावी लागते. सोयाबीन, तूर व हरभरा यांचा कट्टा 50 किलोचा धरला, तरी 10 टनांचा एक ट्रक रिकामा करण्यास पाठीवरच्या 200 खेपा होतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली या विषयाचा विचार करून जी शिफारस केली, तीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी, असे सुचविले आहे. मग वर्षानुवर्षे क्विंटलाची पोती वाहिलेल्या हमालाच्या पाठीची व गुडघ्यांची काय अवस्था होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

हे ओझे उचलणारे यंत्र म्हणजे फोर्कलिफ्ट.  1917 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीने आपल्या कारखान्यात माल हलविण्यासाठी जी लहान यंत्रगाडी तयार केली, ती फोर्कलिफ्टची एक पूर्वज समजली जाते. आपल्या देशात मुंबईच्या गोदरेज कंपनीने 1963 साली या क्षेत्रात पाऊल टाकले. फोर्कलिफ्टच्या पुढच्या अंगाला एक उभा सांगाडा असतो. त्याला मास्ट म्हणतात. त्यावर दोन पोलादी काटे खालीवर होतात. लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, म्हणजे पॅलेटवर, 20 कट्टे रचले की 1 टन माल होतो आणि तो एका खेपेत हलविता येतो. रुईच्या गाठींसाठी काट्यांऐवजी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पंजे बसवितात.

चालकाला समोरचे का दिसत नाही

ट्रॅक्टर किंवा ट्रक चालविणाऱ्या माणसाचे ओझे त्याच्या मागे असते. फोर्कलिफ्टमध्ये ते त्याच्या डोळ्यांपुढे असते. सर्व अडचणीचे मूळ येथेच आहे. मास्टचे उभे खांब, साखळ्या व तेलाच्या नळ्या दृष्टीआड येतात त्या निराळ्याच.

एक साधे उदाहरण घेऊ. चालकाचे डोळे जमिनीपासून 1.8 मीटर उंचीवर आहेत आणि काट्यांवरील मालाचा माथा 1.5 मीटर उंचीवर आहे, असे धरू. डोळ्यांपासून मालाच्या पुढील कडेपर्यंतचे अंतर 2.5 मीटर आहे. आता डोळ्यांपासून मालाच्या माथ्यावरून जाणारी सरळ रेषा पुढे वाढविली, तर ती जमिनीला डोळ्यांपासून 15 मीटरवर टेकते. याचा अर्थ असा की मालापुढची साडेबारा मीटर फरशी चालकाला मुळीच दिसत नाही. खाली वाकून सांडलेले दाणे गोळा करणारी बाई किंवा पोते उचलण्यासाठी बसलेला हमाल यांची उंची 1 मीटर धरली, तर मालापुढच्या 4 मीटरांच्या आत ती व्यक्ती चालकाच्या दृष्टीने नाहीशीच होते. लहान मुलाविषयी तर बोलावयासच नको.

आता यंत्राचा वेग पाहू. ताशी 10 किलोमीटर हा वेग आपल्याला संथ वाटतो. परंतु या वेगाने यंत्र एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यानंतर कित्येक टन वजनाचे यंत्र थांबण्यास आणखी अंतर लागते. थप्पीच्या आडून एखादा माणूस 2 मीटरांवर एकाएकी पुढे आला, तर चालकाचा पाय हलण्यापूर्वीच यंत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते.

फोर्कलिफ्टची आणखी एक खोड अशी की ती मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिचे मागचे अंग बाहेर फेकले जाते. जवळून चालणाऱ्या माणसाला पुढचे चाक दूर जाताना दिसते व तो निर्धास्त राहतो. इतक्यात मागचे जड अंग त्याला भिंतीशी किंवा थप्पीशी दाबते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1980 ते 1994 या काळातील अपघातांचा अभ्यास केला. या 15 वर्षांत तेथे फोर्कलिफ्टमुळे 1,021 कामगार दगावले. त्यांपैकी 22 टक्के मृत्यू यंत्र उलटल्यामुळे, 20 टक्के पायी असलेल्या कामगाराला धडक बसल्यामुळे, 16 टक्के यंत्राखाली किंवा यंत्राशी चिरडल्यामुळे आणि 9 टक्के यंत्रावरून पडल्यामुळे झाले. आकडे परदेशातील व जुने असले, तरी त्यांतील बोध आपल्या गोदामालाही लागू पडतो. पायी चालणारा माणूस चालकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, संकटात असतो.

कॅमेरा कोठे बसवावा

कॅमेरा बसविण्याच्या मुख्य जागा तीन आहेत. प्रत्येक जागेचा उपयोग निराळा आहे. म्हणून आपल्या कामाचे स्वरूप पाहूनच निवड करावी.

पहिली जागा यंत्राच्या मागील अंगाची. पुढचे दिसत नसेल तर माल मागे ठेवून उलट दिशेने यंत्र चालवावे, असा सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. परंतु दिवसभर मान व कंबर वळवून मागे पाहत राहणे त्रासाचे असते, आणि दमलेला चालक नेमका हाच नियम मोडतो. मागील कॅमेऱ्याचे चित्र त्याच्यासमोरच्या लहान पडद्यावर दिसते. त्यायोगे यंत्राच्या बुडाशी लागून असलेली व मान वळवूनही न दिसणारी जागा उघड होते. आपल्याकडील साध्या गोदामांसाठी हा कॅमेरा सर्वांत उपयुक्त होय.

दुसरी जागा काट्यांच्या मधोमध किंवा काट्याच्या टोकाशी. उंच थप्पीवरच्या पॅलेटमध्ये काटे नेमके घालण्यासाठी हा कॅमेरा कामी येतो. 4-5 मीटर उंचीवर काटा कोठे शिरतो आहे, हे खाली बसलेल्या चालकाला डोक्यावरच्या जाळीतून नीट दिसत नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काट्यांवर माल आला किंवा पंज्यात गाठ धरली गेली, की मधोमध बसविलेला कॅमेरा आंधळा होतो. त्याच्यापुढे केवळ पोत्याचे तागच दिसते. हा कॅमेरा माल उचलण्यासाठी आहे, माल घेऊन चालण्यासाठी नव्हे.

तिसरी जागा मास्टच्या वरच्या भागाची किंवा चालकाच्या डोक्यावरील संरक्षक छताच्या कडेची. येथून मालाच्या पलीकडचे काही अंशी दिसते. गोदामाच्या जोत्यावर चढण्यासाठी उतरण बांधलेली असते, तेथे या कॅमेऱ्याचे विशेष महत्त्व आहे. भरलेले यंत्र उतरणीवर चढताना वा उतरताना माल नेहमी चढाच्या बाजूस असावा लागतो, नाहीतर माल निसटण्याचा किंवा यंत्र कलंडण्याचा धोका असतो. अर्थात चढताना माल पुढे ठेवूनच जावे लागते आणि उलटे चालविण्याचा उपाय तेथे चालत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याबरोबर खुणा करणारा एक माणूसही सुरक्षित अंतरावर उभा असावा.

कॅमेरा किंवा पडदा बसविण्यासाठी मास्टला वा छताला स्वतःच्या बुद्धीने भोके पाडू नयेत आणि वेल्डिंग करू नये. ते छत वरून पडणाऱ्या मालापासून चालकाचा जीव वाचविण्यासाठी असते. भोकांमुळे त्याची ताकद कमी होते. यंत्र तयार करणाऱ्या कंपनीची लेखी संमती घ्यावी व पकडीने बसणारे आधार वापरावेत. पडदा चालकाच्या समोरील दृष्टी अडविणार नाही अशा रीतीने खांबाजवळ लावावा.

कॅमेरा काय करू शकत नाही

कॅमेरा पाहतो, परंतु थांबवीत नाही. थांबविण्याचे काम चालकालाच करावे लागते. यासाठी कॅमेऱ्याच्या काही मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

रुंद दृश्य दाखविणाऱ्या भिंगातून जवळची वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते. बिनतारी कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर किंचित उशिरा येते. हा उशीर दोन-दशांश सेकंदाचा जरी असला, तरी ताशी 10 किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र तेवढ्यात अर्ध्या मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. मागील कॅमेऱ्याचे चित्र आरशातल्याप्रमाणे डावे-उजवे जुळविलेले असावे लागते. ही जुळणी चुकली तर डाव्या बाजूचा माणूस पडद्यावर उजवीकडे दिसतो आणि चालक नेमका त्याच्याच अंगावर यंत्र वळवितो. म्हणून नवीन कॅमेरा बसविल्याबरोबर, यंत्र बंद ठेवून, एका माणसाला मागे डाव्या बाजूस उभे करावे व पडद्यावर तो कोणत्या बाजूस दिसतो, हे प्रत्यक्ष पाहावे.

अलीकडे माणसाची आकृती स्वतःच ओळखून घंटा वाजविणारे कॅमेरे मिळू लागले आहेत. असंख्य छायाचित्रांवरून संगणकाला माणूस ओळखण्यास शिकविलेले असते. ही सोय निःसंशय मोलाची आहे. परंतु आपला हमाल कसा दिसतो, याचा विचार करावा. त्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ असते, पाठीवर कट्टा असतो, कंबर वाकलेली असते. ताठ उभ्या माणसाच्या चित्रांवर शिकलेले यंत्र अशा आकृतीला माणूस म्हणून ओळखील, याची शाश्वती धरता येत नाही. विक्रेत्याने मोकळ्या जागेत दाखविलेल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. आपल्याच गोदामात, यंत्र जागेवर उभे ठेवून, ओझे घेतलेल्या, वाकलेल्या व बसलेल्या माणसासमोर त्याची परीक्षा घ्यावी. ते ओळखीत नसेल तर तसे स्पष्ट सांगून वस्तू परत करावी.

घंटेच्या बाबतीत दुसरी एक अडचण संभवते. अरुंद गोदामात माणसे सतत जवळून जात असतील तर घंटा दिवसभर वाजत राहते. मग चालकाचे कान तिला सरावतात आणि खऱ्या संकटाच्या वेळी तो तिकडे दुर्लक्ष करतो. याचा इलाज माणसांची वाट यंत्राच्या वाटेपासून निराळी करणे हा आहे.

यंत्र उलटण्याचा धोकाही कॅमेरा टाळीत नाही. त्यासाठी माल जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच चालणे, वळणावर वेग कमी करणे व पट्टा बांधणे हेच उपाय आहेत. यंत्र कलंडू लागले तर बाहेर उडी मारू नये. आसनातच राहून घट्ट धरावे.

आपल्या गोदामांतील विशेष अडचणी

जिल्ह्यातील उन्हाळा कडक असतो. दुपारच्या प्रखर उन्हातून यंत्र एकदम अंधाऱ्या गोदामात शिरते, तेव्हा काही क्षण चालकाला काहीच दिसत नाही. नेमकी दारातच माणसांची वर्दळ अधिक असते. साध्या कॅमेऱ्याचीही हीच गत होते. अशा ठिकाणी ऊन व अंधार दोन्ही सांभाळून घेणारा कॅमेरा मागावा. छताला पारदर्शक पत्रे व दाराशी दिवे लावून आतबाहेरचा फरक कमी करावा, आणि दारात थांबून भोंगा वाजवूनच आत शिरण्याची शिस्त ठेवावी.

जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात व भिंगावर बसतात. धान्याच्या गोदामात भुसा व धूळ असते. कॅमेऱ्याच्या वेष्टनावर आयपी 67 अशी खूण असेल, तर त्यात धूळ शिरत नाही व पाण्यापासूनही त्याचे रक्षण होते, असे समजावे. परंतु भिंगाच्या बाहेर बसणारी धूळ पुसावीच लागते. रुईच्या गोदामात उघडी वा सैल विद्युत्‌तार ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. जोडणी जाणत्या वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

धान्याच्या गोदामाविषयी एक महत्त्वाची सूचना आहे. किडीच्या नाशासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरून धुरी देतात. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला तर घातक आहेच, शिवाय तो तांब्याला खातो. कॅमेरा, पडदा व यंत्रातील नियंत्रक या सर्वांत तांब्याच्या बारीक तारा असतात. म्हणून धुरी देण्यापूर्वी फोर्कलिफ्ट, तिचा चार्जर व कॅमेऱ्याची साधने गोदामाबाहेर न्यावीत. गोदाम संपूर्ण हवेशीर होऊन जबाबदार व्यक्तीने परवानगी दिल्याशिवाय माणूस व यंत्र यांपैकी कोणीही आत जाऊ नये.

कामाचा वेग व मालाचे रक्षण

सुरक्षितता वाढविली म्हणजे काम मंदावते, असा एक समज आहे. अनुभवाने तो टिकत नाही. काटा चुकीच्या ठिकाणी शिरला की पोते फाटते. सोयाबीनचे दाणे गुळगुळीत फरशीवर सांडले म्हणजे पायाखाली व चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. मग काम थांबवून झाडलोट करावी लागते, कट्टा पुन्हा भरावा व शिवावा लागतो, वजनात घट येते ती वेगळीच. 10 टनांच्या ट्रकला पॅलेटच्या 10 खेपा लागतात. प्रत्येक खेपेत काटे जुळविण्यासाठी मागेपुढे करण्यात जाणारा अर्धा मिनिट वाचला, तरी एका ट्रकमागे 5 मिनिटे वाचतात. हंगामात दारापुढे ट्रॉल्यांची रांग उभी असते, तेव्हा या मिनिटांचे मोल प्रत्येक शेतकऱ्याला कळते.

येथे शेतकऱ्याचा आणखी एक संबंध येतो. भाव पडलेला असताना माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेण्याची शेतमाल तारण योजना आपल्या राज्यात 1990-91 पासून चालत आली आहे. 2017 पासून नोंदणीकृत गोदामांच्या पावत्या विद्युत् माध्यमातूनही देता येऊ लागल्या. पावतीवरचे वजन व थप्पीतले वजन यांचा मेळ बसला तरच या पावतीला किंमत आहे. फाटलेली पोती व मिसळलेले ढीग यांमुळे तो मेळ बिघडतो. लॉटच्या चिठ्ठीवरील खूण वाचणारा कॅमेरा यंत्रावर बसविला, तर कोणाचा माल कोणत्या थप्पीत गेला याची नोंद उचलतानाच होऊ शकते.

हमालाचे स्थान

यंत्र आले म्हणजे आपली भाकरी गेली, ही हमाल बांधवांची भीती निराधार नाही. तिची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. माथाडी कामगारांच्या दीर्घ चळवळीतून महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. अंगमेहनतीच्या कामालाही नोंद, मजुरी व कल्याणाची व्यवस्था असली पाहिजे, हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. गोदामात यंत्र आणणाऱ्या संस्थेने याच तत्त्वाला धरून चालावे. थप्पी कशी बांधावी, कोणते पोते ओले आहे, कोणती थप्पी झुकू लागली आहे, हे हमालाइतके कोणालाच कळत नाही. त्याच माणसांतून तरुणांना निवडून रीतसर शिक्षण द्यावे व यंत्राचे चालक करावे. पॅलेट रचणे, नोंद ठेवणे, खुणा करणे ही कामे वयस्कांना द्यावीत.

कॅमेऱ्यात साठविलेली चित्रे केवळ दोष शोधण्यासाठी व दंड करण्यासाठी वापरली गेली, तर चालक भिंगावर फडके टाकील आणि सर्व खर्च वाया जाईल. त्याऐवजी थोडक्यात टळलेले प्रसंग आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून पाहावेत. माणूस कोठून आला, तो त्या वाटेने का आला, ती वाट बंद करता येईल काय, याचा विचार करावा. कोणाची चूक, हा प्रश्न नंतर.

खर्चाचा क्रम

लहान संस्थेने प्रथम महागडा कॅमेरा घेऊ नये. उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

1. माणसांची व यंत्राची वाट निराळी करावी. फरशीवर पिवळे पट्टे ओढावेत व शक्य तेथे लोखंडी कठडे बसवावेत. साध्या फोर्कलिफ्टला वळण्यास सुमारे साडेतीन ते चार मीटर रुंद बोळ लागतो. हमालांच्या वहिवाटीसाठी ठेवलेल्या अरुंद बोळात ती घालू नये.

2. शेतकरी, वाहनचालक व मुले यांना थांबण्यासाठी गोदामाबाहेर सावलीची जागा करावी. यंत्र चालू असताना मालकालाही थप्पीजवळ जाऊ देऊ नये.

3. वेगाची मर्यादा ठरवावी. माणसे जवळ असताना यंत्र पायी चालण्याच्या वेगानेच न्यावे.

4. कोपऱ्यांवर फुगीर आरसे, दाराशी दिवे, यंत्रावर भोंगा व मागे जाताना वाजणारी घंटा असावी.

5. यानंतर मागील कॅमेरा घ्यावा. थप्प्या उंच असतील तर काट्यांचा कॅमेरा आणि सर्वांत शेवटी माणूस ओळखणारा कॅमेरा घ्यावा.

पहिल्या चार पायऱ्या गाळून पाचवी घेतली तर कॅमेरा केवळ अपघाताचे चित्र टिपील, अपघात टाळणार नाही.

दररोजची पाहणी

पाळी सुरू होण्यापूर्वी चालकाने मऊ कापडाने भिंग पुसावे. पडदा लावून चित्र स्वच्छ व स्थिर येते की नाही, हे पाहावे. बिनतारी कॅमेऱ्याची बॅटरी भरलेली असल्याची खात्री करावी. मास्टबरोबर खालीवर होणारी तार कोठे घासली गेली आहे काय, ते तपासावे. गोदामाच्या एका मोकळ्या कोपऱ्यात फरशीवर 1, 2 व 3 मीटरांच्या रेघा रंगवून ठेवाव्यात. यंत्राची मागची कड शून्याच्या रेघेवर आणून, प्रत्येक अंतरावर रिकामे टिपाड उभे करून, ते पडद्यावर केवढे दिसते याची चालकाने नजर बसवावी. चित्र बंद पडले तर यंत्र पूर्वीप्रमाणे चालवीत राहू नये. दुरुस्ती होईपर्यंत खुणा करणाऱ्या माणसाच्या साहाय्यानेच काम करावे. आणि कॅमेरा चालू असला तरी मागे जाण्यापूर्वी मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी एकवार पाहिल्यावाचून यंत्र हलवू नये.

शेतकरी बंधुभगिनींनी आपल्यापुरते एवढे लक्षात ठेवावे. गोदामात फोर्कलिफ्ट दिसली की चालकाच्या डोळ्यांशी आपले डोळे मिळाल्याशिवाय तिच्या पुढून वा मागून जाऊ नये. आपल्याला यंत्र दिसते, म्हणून चालकाला आपण दिसतोच असे नाही. उचललेल्या काट्यांखालून कधीही जाऊ नये. मुलांना आवारात मोकळे सोडू नये.

वर्षभर राबून पिकविलेला माल गोदामात सुखरूप पोहोचावा, ही प्रत्येकाची इच्छा असते. तो माल उतरविणारा हमाल, यंत्र चालविणारा चालक व मालासोबत आलेला शेतकरी हे तिघेही संध्याकाळी तितकेच सुखरूप घरी पोहोचले, तरच त्या गोदामाचा कारभार चांगला चालला असे म्हणता येईल. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने आपल्या गोदामाची वरील क्रमाने एकदा पाहणी करावी. पिवळा पट्टा ओढण्यास एक डबा रंग व एक दिवस पुरतो. प्रारंभ तेथूनच व्हावा.